आयरिश बंडखोरांसाठी नेमलेला पहारा

लेस्टर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बेलग्रेव्ह रोडवरची दिवाळी, साड्यांची दुकानं, मिठाई. आयरिश बंडखोर काही येत नाहीत. पण फेब्रुवारी १९९० मध्ये याच शहरात लष्करभरती कार्यालयाबाहेर आयआरएचा बॉम्ब फुटला आणि दोघं जखमी झाले.

आयर्लंडची फाळणी १९२१ची. दक्षिण भाग स्वतंत्र झाला, उत्तरेकडचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. मात्र दोन्ही बेटांमध्ये पासपोर्टशिवाय ये-जा चालूच राहिली. हजारो आयरिश कामगार इंग्लंडच्या शहरांत राबत होते. मग सरकारला प्रश्न पडला, की यातला बंडखोर ओळखायचा कसा?

२१ नोव्हेंबर १९७४ ला लेस्टरपासून साठेक किलोमीटरवरच्या बर्मिंगहॅममध्ये दोन पबमध्ये स्फोट झाले. २१ माणसं मेली. लोकांचा संताप खराच होता, आणि भीतीही. आठ दिवसांत संसदेनं दहशतवादविरोधी कायदा केला. संशयिताला आरोप न ठेवता सात दिवस कोठडी, बंदरांवर झडती-चौकशी, आणि ब्रिटिश नागरिकालासुद्धा इंग्लंडमधून उत्तर आयर्लंडला हाकलण्याची सोय! कायदा ‘तात्पुरता’ होता.

स्फोटाच्या रात्रीच पाच आयरिश माणसांना हेशम बंदरावर पकडलं. ते बेलफास्टला एका अंत्ययात्रेला निघाले होते. सहावा नंतर पकडला. सहाही जणांना जन्मठेप झाली. ते निर्दोष होते, हे मान्य व्हायला १९९१ उजाडलं. सोळा वर्षं गेली हो त्यांची.

आता म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? तर थोडं मागं जाऊ.

आयरिश डायनामाइटवाल्यांना पकडण्यासाठी १८८३ मध्ये लंडनच्या पोलिसांत एक खास ‘आयरिश शाखा’ निघाली. पुढं नावातलं ‘आयरिश’ गळालं, शाखा मात्र टिकली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिची नजर ‘इंडिया हाऊस’वर पडली. तिथं राहणाऱ्यांत नाशिकजवळच्या भगूरचे विनायक दामोदर सावरकरही होते. मार्च १९१० मध्ये त्यांना व्हिक्टोरिया स्टेशनवर अटक झाली. हिंदुस्थानात नेताना जुलैमध्ये मार्सेलला त्यांनी जहाजातून उडी मारली, फ्रान्सच्या भूमीवर पोचले आणि तिथल्या पोलिसानंच त्यांना पुन्हा इंग्रजांच्या हवाली केलं. प्रकरण हेगच्या लवादापुढं गेलं. १९११ चा निकाल थोडक्यात असा: हवाली करताना अनियमितता झाली खरी, पण कैदी परत द्यायची गरज नाही.

पाहा, एका समाजाच्या भीतीपोटी उभी राहिलेली यंत्रणा दुसऱ्या समाजावर किती सहज वळली.

१९७४च्या ‘तात्पुरत्या’ कायद्याचंही तेच झालं. मुदती वाढत गेल्या आणि २००० मध्ये कायमचा दहशतवाद कायदा आला. बंदरांवरच्या चौकशीचे अधिकार त्यात उतरले. आज विमानतळावर ठोस संशय नसतानाही कुणालाही थांबवून प्रश्न विचारता येतात. कुणाला थांबवायचं, याचा अंदाज तिथला अधिकारी बांधतो. त्या अंदाजात आज आयरिश माणसापेक्षा आशियाई चेहरा आधी येतो, अशी तक्रार अनेक वर्षं होते आहे.

बॉम्ब खरे होते, मेलेली माणसंही खरी होती. सुरक्षा नको असं कुणीच म्हणणार नाही. पण शेजारच्या समाजासाठी असा कायदा होत असेल, तर ‘आपल्याला काय त्याचं?’ असं म्हणून वळण्याआधी हेशम बंदरावरचे ते पाच जण आठवा.