गंडा, करार आणि जूनमधला अर्ज

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या संगीत व नाट्यशास्त्र विभागात शिकायचं तर आधी कागद गोळा करावे लागतात. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, फोटो. पावसाळ्याच्या तोंडावर प्रवेश, मग वेळापत्रक, शेवटी परीक्षा. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याचं असतं तसंच सगळं. सव्वाशे वर्षांपूर्वी याच शहरात गाणं शिकायला दाखला मागितला असता, तर कुणाही उस्तादाने मागणाऱ्याला वेड्यात काढलं असतं.

उस्तादांचं गावच होतं ते. 1883 मध्ये इथे गायन समाज उभा राहिला, पुढे तो देवल क्लब म्हणून नावारूपाला आला. 1895 च्या सुमारास शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून ठेवून घेतलं आणि महाराजांच्या निधनापर्यंत, म्हणजे 1922 पर्यंत, खाँसाहेब कोल्हापुरात राहिले. खाँसाहेबांची गायकी आज जयपूर घराणं म्हणून ओळखली जाते, पण त्याची मुळं जयपूरपेक्षा कोल्हापूरच्या मातीत जास्त खोल गेली आहेत असं म्हटलं तर कोल्हापूरकर नक्कीच मान डोलावतील.

या जगात शिक्षण सुरू व्हायचं ते गंडा बांधून. चार जाणकार गायक-वादक साक्षीला बोलवायचे, उस्ताद शिष्याच्या मनगटाला धागा बांधणार, चणे-गूळ भरवणार, शिष्य नजराणा ठेवणार, मिठाई वाटली जाणार. सुरुवात ठरलेली, शेवट मात्र कुठेच लिहिलेला नाही. पहिला राग महिनाभर चालेल की वर्षभर, हे उस्तादांच्या मर्जीवर. केसरबाई केरकरांना खाँसाहेबांची तालीम मिळाली ती 1921 मध्ये गंडा बांधल्यावर, तीही कडक अटींवर आणि पुढची बरीच वर्षं.

या पद्धतीचा गौरव सगळे करतात, तिची दुसरी बाजू मात्र फारशी कुणी सांगत नाही. गुरू गाव सोडून गेला, आजारी पडला किंवा शिष्याच्याच घरच्यांना मुक्काम हलवावा लागला, की शिक्षण तिथेच थांबायचं. याच केसरबाई लहानपणी, आठ वर्षांच्या असताना, कोल्हापुरात अब्दुल करीमखाँकडे शिकत होत्या. जेमतेम आठ महिने झाले आणि कुटुंब गोव्याला परतलं. मोगूबाई कुर्डीकरांची गोष्ट याच्या उलट. खाँसाहेब औषधोपचारासाठी सांगलीला आले होते, मोगूबाईंचा रियाज त्यांच्या कानावर पडला आणि तालीम सुरू झाली. खाँसाहेबांची प्रकृती ठणठणीत असती तर? प्रवेश असा योगायोगावर टांगलेला होता.

गाण्याला वेळापत्रक, पाठ्यपुस्तक आणि परीक्षा लावली ती या जिल्ह्याच्याच मुलाने. त्याचे गुरू, इचलकरंजीजवळच्या चंदूरचे बाळकृष्णबुवा, ग्वाल्हेरची गायकी शिकण्यासाठी उत्तरेत वणवण भटकले आणि ती महाराष्ट्रात घेऊन आले. पुढे मिरजेत त्यांच्यापुढे शिकायला बसला कुरुंदवाडचा विष्णू दिगंबर पलुस्कर. कीर्तनकाराचा मुलगा, जन्म 1872 चा. लहानपणी फटाक्याच्या दारूने डोळे अधू झाल्यामुळे शाळा सुटली आणि गाणं हाती आलं. ज्याची स्वतःची शाळा अर्धवट राहिली, त्याने पुढे गाण्याची शाळा काढावी, हा योग काही लहान नव्हे.

5 मे 1901 रोजी लाहोरला त्यांचं गांधर्व महाविद्यालय उघडलं. बडोद्यात मौलाबक्षांची गायनशाळा त्याआधीच, 1886 मध्ये निघाली होती, पण ती सयाजीरावांच्या आश्रयाने. पलुस्करांनी संस्थानिकाच्या नव्हे, लोकांच्या पैशावर भिस्त ठेवली. शाळा उघडली खरी, पण सुरुवातीला शिकायला कुणी फिरकेना. सांगतात की वर्गाची वेळ झाली की पलुस्करबुवा एकटेच तंबोरा घेऊन बसत आणि वेळ संपेपर्यंत गात. विद्यार्थी असो नसो, तास हा झालाच पाहिजे! गाण्याच्या इतिहासात हा हट्ट नवाच होता.

स्वरलेखन, ‘संगीत बालप्रकाश’सारखी क्रमिक पुस्तकं, एका वर्गात बसून एकच बंदिश म्हणणारी पोरं, हे सगळं त्यापाठोपाठ आलं. तरी जुना गंडा त्यांनी पुरता सोडला नाही. गायनशिक्षक घडवणाऱ्या त्यांच्या उपदेशक वर्गात राहणं, जेवण, शिकणं फुकट असे. बदल्यात नऊ वर्षं संस्थेत राहण्याचा करार लिहून द्यावा लागे. मनगटावरचा धागा कागदावर उतरला, एवढंच. कोल्हापुरात जन्मलेले शंकरराव आणि नारायणराव हे व्यास बंधू त्यांच्याच तालमीत तयार झाले. लाहोरनंतर बुवांनी मुंबईतही विद्यालय काढलं, पण कर्जापायी त्याची इमारत 1924 मध्ये लिलावात गेली, 1931 मध्ये बुवा मिरजेला वारले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही शिडी आज गल्लीतल्या गायन क्लासच्या पोरांनाही पाठ असते.

नाटकाचं वर्ष निराळं. नाटक कंपनीत पोर दाखल होई ते कधीही, आवाज चांगला असला की झालं. 1890 मध्ये कोल्हापुरात जन्मलेले केशवराव भोसले असेच बालवयात स्वदेशहितचिंतक मंडळीत गेले आणि ऐन अठराव्या वर्षी, 1908 मध्ये, ‘ललितकलादर्श’ काढून मालक झाले. झोपणं, जेवणं, तालीम, पाठांतर सगळं कंपनीच्या बिऱ्हाडीच. कंपनी हेच या पोरांचं वसतिगृह आणि महाविद्यालय. तमाशाच्या फडांचा हंगाम तर आजही दसऱ्याला उभा राहतो आणि बुद्धपौर्णिमेला संपतो. जूनशी त्यांचा संबंध एवढाच की तेव्हा फड घरी असतो.

शाहूंनी खासबाग मैदानाशेजारी 1915 मध्ये बांधलेलं पॅलेस थिएटर पुढे केशवरावांच्याच नावाने ओळखलं गेलं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत भस्मसात झालं. शहरातल्या नाट्यशिक्षणाचा हिशेब मांडताना वर्गखोल्यांबरोबर हे नुकसानही धरावंच लागेल, कारण नटाला शेवटी रंगमंचच शिकवतो.

घराणं आणि विद्यापीठ यांचं हाडवैर होतं असं चित्र रंगवायला सोपं आहे, पण ते खरं नाही. गायक मल्लिकार्जुन मन्सूर मिरजेत नीलकंठबुवा अलूरमठांकडे शिकले, म्हणजे बाळकृष्णबुवांच्या परंपरेत. मग अल्लादियाखाँचे चिरंजीव मंजीखाँ भेटले, पण 1937 मध्ये ते वारले. उरलेली तालीम मन्सूरांनी धाकट्या भुर्जीखाँकडे घेतली, ज्यांचं बिऱ्हाड कोल्हापुरातच होतं. खट, बसंती केदार यांसारखे अनवट राग एका सत्रात बसवता येत नाहीत, हे मन्सूरांइतकं कुणाला ठाऊक असणार? तरीही धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाने संगीत विभागाची धुरा देऊ केली, तेव्हा त्यांनी ती घेतली.

आज कोल्हापुरात प्रवेशाची धांदल ओसरते न ओसरते तोच आषाढातली गुरुपौर्णिमा येते. विभागात हजेरीपटावर नाव लागलेली मुलं संध्याकाळी आपापल्या गुरूंच्या घरी फुलं, नारळ घेऊन जातात. विद्यापीठाची फी भरलेली असते, गुरूंची वेगळी असते, आणि वर्षाअखेरीस गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमेचा फॉर्मही बहुतेकांना भरायचा असतोच.