नमुना बाटलीतला, खटला राज्यघटनेचा : कामाच्या ठिकाणच्या नशाचाचणीचा इतिहास

#थ्रेड

१/ ४ जानेवारी १९८७, रविवार. नववर्षाची सुटी संपवून परतणाऱ्या प्रवाशांनी भरलेली अॅमट्रॅक कंपनीची ‘कलोनिअल’ ही गाडी वॉशिंग्टनहून बोस्टनकडे निघाली होती. मेरीलँड राज्यातील चेस या गावाजवळ तासाला शंभर मैलांहून अधिक वेगाने धावणाऱ्या या गाडीच्या मार्गात अचानक तीन इंजिने आली. १६ जण ठार झाले, दीडशेहून अधिक जखमी.

२/ ती इंजिने ‘कॉनरेल’ या मालवाहतूक कंपनीची होती. त्यांच्या चालकाने थांबण्याचा सिग्नल ओलांडला होता. तपासात दोन गोष्टी उघड झाल्या. चालक व त्याचा सहकारी या दोघांच्याही शरीरात गांजाचे अंश सापडले; आणि सिग्नल चुकल्यास केबिनमध्ये वाजणाऱ्या इशाऱ्याच्या शिट्टीवर चिकटपट्टी लावून तिचा आवाज दाबलेला होता.

३/ सोळा मृत्यूंना जबाबदार कोण? गांजा, की ती चिकटपट्टी? वृत्तपत्रांनी आणि राजकारण्यांनी पहिले उत्तर उचलून धरले. आज अमेरिकेत कारखान्याच्या दारात, ट्रकच्या तळावर, बांधकामाच्या जागी कामगारांची जी नशाचाचणी होते, तिच्या इतिहासात हा अपघात मैलाचा दगड ठरला. मात्र ही कहाणी त्याच्या बरीच आधी सुरू होते.

४/ कामगाराने मद्य पिऊ नये, हा आग्रह रेल्वेइतकाच जुना. अमेरिकन रेल्वे कंपन्यांच्या नियमावलीत ‘नियम जी’ या नावाने तो नोंदला गेला: कामावर असताना मद्यपान नाही. पण नियम मोडला हे ठरवायचे कसे? तोंडाला येणारा वास, लडखडती चाल, मुकादमाचा संशय. पुरावा म्हणजे दुसऱ्या माणसाचा शब्द. साहजिकच खुन्नस काढण्यासही हा नियम सोयीचा होता.

५/ १९१४ मध्ये हेन्री फोर्ड यांनी दिवसाला पाच डॉलर मिळकत जाहीर केली आणि जग थक्क झाले. या मिळकतीला एक अट होती. कंपनीच्या ‘समाजशास्त्रीय विभागा’चे तपासनीस कामगारांच्या घरी जाऊन घर स्वच्छ आहे का, बचत होते का, घरधनी दारू पितो का, हे पाहत. कारखान्याबाहेरच्या वर्तनावर मालकाचा हक्क किती, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता.

६/ माणसाच्या साक्षीऐवजी रसायनाची साक्ष घेण्याचा मार्ग इंडियाना राज्यात सापडला. प्राध्यापक रोला हार्गर यांनी १९३० च्या दशकात ‘ड्रंकोमीटर’ तयार केले. संशयिताने फुगा फुगवायचा. त्यातली हवा पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणातून सोडायची. मद्याचा अंश असल्यास जांभळा रंग उतरायचा. किती हवा लागली यावरून मद्याचे प्रमाण काढले जाई.

७/ १९५४ मध्ये याच राज्याच्या पोलीस दलात काम केलेल्या रॉबर्ट बोर्केन्स्टाइन यांनी नेण्या-आणण्यास सोपे ‘ब्रेथअॅनालायझर’ बनवले. श्वासातील मद्य आणि रक्तातील मद्य यांचे नाते बऱ्यापैकी ठरलेले असते. त्यामुळे हे यंत्र ‘हा माणूस आत्ता किती मद्याच्या अंमलाखाली आहे’ या प्रश्नाचे उत्तर देते. यातला ‘आत्ता’ हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे.

८/ अमली पदार्थांबाबत असे सरळ नाते नव्हते. तिथे आधार घेतला गेला तो मूत्राचा. शरीराने पदार्थ पचवल्यानंतर उरलेले अंश मूत्रातून बाहेर पडतात. गांजाचे असे अंश काही दिवस, नियमित सेवन करणाऱ्यांत काही आठवडेही सापडतात. म्हणजे ही चाचणी ‘पूर्वी केव्हातरी सेवन केले होते’ एवढेच सांगते. सेवन कामावर झाले की सुटीत, काम करताना भान सुटले होते का, यावर ती मौन पाळते.

९/ या चाचणीचा पहिला प्रचंड प्रयोग झाला सैनिकांवर. व्हिएतनाममधील सैनिकांत हेरॉइन पसरल्याच्या बातम्यांनंतर जून १९७१ मध्ये निक्सन सरकारने मायदेशी परतणाऱ्या प्रत्येक सैनिकाची मूत्रचाचणी सुरू केली. सैनिकांनी तिला उपरोधाने ‘ऑपरेशन गोल्डन फ्लो’ म्हटले. अंश सापडल्यास विमानात जागा नाही. आधी व्यसनमुक्तीसाठी थांबायचे.

१०/ समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी या सैनिकांचा पुढे मागोवा घेतला, तेव्हा एक अनपेक्षित चित्र दिसले. व्हिएतनाममध्ये व्यसनाधीन झालेल्यांपैकी बहुतेक जण घरी परतल्यावर पुन्हा व्यसनात अडकले नव्हते. म्हणजे एका दिवशीचा नमुना हा माणसाचे भविष्य नसतो. पण हा निष्कर्ष धोरणाच्या दालनापर्यंत फारसा पोहोचला नाही. तंत्र मात्र पोहोचले.

११/ २६ मे १९८१ च्या रात्री ‘निमित्झ’ या विमानवाहू युद्धनौकेवर उतरताना एक विमान कोसळले. १४ जणांचा मृत्यू झाला. मृत डेक कर्मचाऱ्यांपैकी काहींच्या शरीरात गांजाचे अंश आढळले. त्यांमुळेच अपघात घडला, हे सिद्ध झाले नाही. तरीही नौदलाने सरसकट चाचण्यांचे आणि ‘शून्य सहनशीलते’चे धोरण स्वीकारले.

१२/ जून १९८६ मध्ये लेन बायस हा उमदा बास्केटबॉलपटू कोकेनमुळे दगावला आणि देश हादरला. त्याच ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन, उपराष्ट्राध्यक्ष बुश आणि व्हाइट हाउसच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी स्वतःचे नमुने दिले. १५ सप्टेंबरला रेगन यांनी आदेश क्रमांक १२५६४ काढला: केंद्रीय कर्मचाऱ्याने कामावर असो वा नसो, बेकायदा अमली पदार्थ घेता कामा नयेत. फोर्ड यांचे तपासनीस जणू बाटलीचे रूप घेऊन परतले होते.

१३/ रेल्वेसाठीचे नियम त्याआधीच, १९८५ मध्ये आले होते. सरकारी आकडेवारीनुसार १९७२ ते १९८३ या काळात किमान २१ मोठ्या अपघातांत मद्य वा अमली पदार्थ हे कारण किंवा साहाय्यक कारण होते. त्यांत २५ जण दगावले. म्हणून मोठ्या अपघातानंतर कर्मचाऱ्यांचे रक्त व मूत्र तपासणे बंधनकारक झाले, आणि काही नियमभंगांनंतर श्वास-मूत्र तपासण्याची मुभा कंपन्यांना मिळाली.

१४/ येथे एक विसंगती नोंदवायला हवी. चेसचा अपघात घडला तेव्हा हे नियम लागू होते. त्यांनी अपघात रोखला नाही. अपघातानंतर पुरावा दिला. पुढचा अपघात रोखण्यासाठी जे उपाय झाले त्यांत त्या मार्गावरील मालवाहू इंजिनांवरही स्वयंचलित वेगनियंत्रण यंत्रणा बसवणे हा महत्त्वाचा होता. ती यंत्रणा चालकाच्या रक्तात काय आहे हे विचारत नाही; गाडी थांबवते.

१५/ रेल्वे कामगार संघटना न्यायालयात गेल्या. अमेरिकन राज्यघटनेची चौथी दुरुस्ती नागरिकाला सरकारच्या अवाजवी झडतीपासून संरक्षण देते. प्रश्न असा : शरीरातून नमुना घेणे ही झडती आहे का? आणि असल्यास, ज्याच्यावर कसलाही व्यक्तिगत संशय नाही अशा माणसाची झडती न्यायाधीशाच्या वॉरंटशिवाय घेता येते का?

१६/ २१ मार्च १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. पहिला, ‘स्किनर’ खटला, रेल्वेचा. न्या. केनेडी यांनी बहुमताच्या निकालात मान्य केले की ही झडतीच आहे; मूत्रातून गर्भारपण, मधुमेह, अपस्मार अशा खासगी गोष्टीही कळू शकतात. तरीही सार्वजनिक सुरक्षिततेच्या ‘विशेष गरजे’पुढे वॉरंट व व्यक्तिगत संशयाची अट शिथिल होते. निकाल ७ विरुद्ध २.

१७/ विरोधी मत न्या. थर्गुड मार्शल यांचे; सोबत न्या. ब्रेनन. वर्णभेदाविरुद्ध आयुष्यभर न्यायालयीन लढे दिलेल्या मार्शल यांनी इतिहासाचाच दाखला दिला. स्वातंत्र्यावरचे मोठे घाले निकडीच्या काळात पडतात, असे बजावून त्यांनी दुसऱ्या महायुद्धातील जपानी वंशाच्या अमेरिकनांच्या छावण्या आणि मॅकार्थीकालीन छळ यांची आठवण करून दिली.

१८/ दुसरा निकाल, ‘व्हॉन रॅब’, सीमाशुल्क खात्याचा. अमली पदार्थांची तस्करी रोखणाऱ्या किंवा शस्त्र बाळगणाऱ्या पदावर बढती हवी असेल, तर मूत्रचाचणी सक्तीची होती. येथे ना अपघात झाला होता, ना खात्यात व्यसनाधीनतेची समस्या असल्याचा दावा होता. ३,६०० जणांच्या तपासणीत फक्त ५ जण दोषी आढळले होते. तरी चाचणी वैध ठरली, पण काठावर: ५ विरुद्ध ४.

१९/ या वेळी विरोधात उभे राहिले ते न्या. अँटोनिन स्कॅलिया, न्यायालयातील कट्टर परंपरावादी. रेल्वेच्या खटल्यात ते बहुमतासोबत होते. कारण तेथे अपघातांचा पुरावा होता. येथे धोक्याचा एकही दाखला नाही, सरकार केवळ प्रतीक म्हणून कर्मचाऱ्यांची अप्रतिष्ठा करत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. डाव्या-उजव्या चौकटीत हा वाद बसत नाही, तो असा.

२०/ निकालानंतर तीनच दिवसांनी, २४ मार्चला, ‘एक्सॉन व्हाल्डिझ’ हे तेलवाहू जहाज अलास्कात खडकावर आदळले. कप्तानावर मद्यपानाचा आरोप झाला. पण त्याचे रक्त घेतले गेले ते दहा तासांहून अधिक काळानंतर. त्या उशिराच्या नमुन्यावरून आधीच्या रात्रीचे गणित मांडावे लागले आणि नशेत जहाज चालवल्याच्या आरोपातून ज्यूरीने त्याला मुक्त केले. ‘जागच्या जागी चाचणी’ या मागणीला बळ मिळाले.

२१/ ऑगस्ट १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअर स्थानकाजवळ भुयारी रेल्वेची गाडी घसरून पाच जण दगावले; चालक मद्यधुंद होता. ऑक्टोबरमध्ये काँग्रेसने कायदा केला. विमान, रेल्वे, ट्रक आणि सार्वजनिक वाहतुकीतील सुरक्षेशी निगडित कामगारांची चाचणी आता अनिवार्य झाली. दोन ट्रकांचा गावपातळीवरचा मालकही तिच्या कक्षेत आला.

२२/ छोट्या मालकाकडे दवाखाना नसतो, प्रयोगशाळाही नसते. त्यातून नवा व्यवसाय बहरला: नमुना घेणारे पथकच कारखान्याच्या आवारात जाते. नियम काटेकोर आहेत. शौचकूपातील पाण्यात निळा रंग, म्हणजे पाणी मिसळता येऊ नये. चार मिनिटांच्या आत नमुन्याचे तापमान ३२ ते ३८ अंश सेल्सियस हवे. नमुन्याचे दोन भाग, कामगारासमोर मोहोरबंद. हातोहातीची लेखी नोंद.

२३/ ही नोंद कामगाराला जाचक वाटते. प्रत्यक्षात ती त्याचीही ढाल आहे. दुसरा भाग फेरतपासणीसाठी राखलेला असतो, आणि निकाल मालकाकडे जाण्यापूर्वी वैद्यकीय अधिकारी कामगाराला विचारतो: डॉक्टरांनी दिलेले एखादे औषध चालू आहे का? हे संरक्षण सरकारी नियमांखालील चाचणीत मिळते. खासगी मालक स्वतःच्या धोरणाने चाचणी करतो, तेव्हा घटनेची चौथी दुरुस्ती त्याला बांधत नाही.

२४/ ढाल का हवी, याचे उदाहरण मराठी स्वयंपाकघरात आहे. अनारशावरची खसखस म्हणजे अफूच्या झाडाचे बी. खसखस खाल्लेल्या माणसाच्या मूत्रात मॉर्फिनचे अंश येऊ शकतात. अमेरिकेत खसखशीचे पाव खाणारे कामगार अशाच रीतीने अडचणीत येत. अखेर १९९८ मध्ये सरकारने अफूजन्य पदार्थांची प्राथमिक मर्यादा एका मिलिलिटरमागे ३०० नॅनोग्रॅमवरून २,००० वर नेली.

२५/ न्यायालयानेही एके ठिकाणी रेघ ओढली. जॉर्जिया राज्याने निवडणुकीच्या उमेदवारांना मूत्रचाचणी सक्तीची केली, तेव्हा १९९७ च्या ‘चँडलर’ निकालात ती ८ विरुद्ध १ मतांनी रद्द झाली. खरा धोका नाही, केवळ प्रतीक आहे, हे कारण. आठ वर्षांपूर्वी स्कॅलिया यांनी सीमाशुल्क कर्मचाऱ्यांसाठी मांडलेला युक्तिवाद अखेर फळाला आला, मात्र उमेदवारांसाठी.

२६/ मुंबई राज्याने हा प्रश्न वेगळ्या दाराने पाहिला होता. १९४९ च्या दारूबंदी कायद्यात पुढे रक्ततपासणीची तरतूद आली आणि रक्तातील ०.०५ टक्के मद्य ही मर्यादा ठरली. तो विषय मालक-कामगाराचा नसून पोलीस आणि नागरिक यांचा होता. कामाच्या ठिकाणी ही चाचणी भारतात ठळक दिसते ती विमानतळावर: वैमानिकांची श्वासचाचणी, आणि ३१ जानेवारी २०२२ पासून अमली पदार्थांसाठीची तपासणीही.

२७/ अमेरिकेत आता वारे फिरले आहे. न्यूयॉर्क राज्याने २०२१ पासून बहुतांश नोकऱ्यांत गांजाच्या चाचणीला मनाई केली. १ जानेवारी २०२४ पासून कॅलिफोर्नियात, काही अपवाद वगळता, केवळ शरीरात उरलेल्या निष्क्रिय अंशांवरून कामगारावर कारवाई करता येत नाही. कामावर नशेत असणे मात्र आजही गैरवर्तनच मानले जाते. म्हणजे कायदा पुन्हा ‘आत्ता’ या शब्दाकडे वळतो आहे.

२८/ रेल्वेच्या डब्यात बसलेल्या प्रवाशाला चालक शुद्धीवर असावा असे वाटणे रास्तच आहे. पण चेसच्या त्या केबिनमध्ये दोन पुरावे होते. बाटलीतल्या पुराव्यातून देशव्यापी चाचण्यांची व्यवस्था उभी राहिली. शिट्टीवरच्या चिकटपट्टीने विचारलेला प्रश्न मात्र कंपनीसाठी होता: इशारा दाबला गेलेले इंजिन रुळावर आलेच कसे? पहिल्या पुराव्याची चाचणी कामगार देतो. दुसऱ्याची चाचणी कोणी द्यायची, हे ठरवणे तितकेच निकडीचे आहे.

(समाप्त)