निळ्या पडद्याचा बाप कोण?

पीसी चालता चालता गपकन थांबतो, पडदा निळा होतो, त्यावर पांढरी अक्षरं उमटतात. ऐन दिवाळी अंकाची पानं लावताना ‘ब्लू स्क्रीन आली’ अशी हाक डीटीपीवाल्यांच्या एका अख्ख्या पिढीने ऐकली आहे. पण हा रंग निळाच का? लाल रंग घाबरवतो, निळा शांत करतो, म्हणून तो मुद्दाम निवडला, असं मीही बरीच वर्षं मानत होतो. मग मायक्रोसॉफ्टचे प्रोग्रॅमर जॉन व्हर्ट यांच्या टेबलावरच्या यंत्राची हकिगत वाचनात आली आणि ते स्पष्टीकरण मी कायमचं सोडलं.

आधी बापाचा वाद मिटवू. सप्टेंबर २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी लिहिलं की, विंडोज ३.१ मध्ये कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबल्यावर येणाऱ्या निळ्या पडद्यावरचा मजकूर पुढे कंपनीचे प्रमुख झालेले स्टीव्ह बाल्मर यांचा. बातम्यांनी लगेच बाल्मरना ब्लू स्क्रीनचं पितृत्व बहाल केलं. चेन यांना काही दिवसांतच खुलासा करावा लागला: निळे पडदे एक नव्हे, तीन आहेत. पहिला १९९२चा, बाल्मर यांच्या मजकुराचा. एखादा प्रोग्रॅम अडकला की तो बंद करायचा की थांबायचं, एवढंच तो विचारतो. दुसरा विंडोज ९५चा. त्याला शेवटचं रूप खुद्द चेन यांनी दिलं. तिथेही कळ दाबून पुढे जायची सोय होती आणि कधीकधी यंत्र खरंच पुढे जायचं. तिसरा १९९३च्या विंडोज एनटीचा, जॉन व्हर्ट यांचा. तिथून परत फिरणं नाही. गाभ्यातच बिघाड झाला आहे आणि असंच चालू ठेवलं तर डिस्कवरची माहितीही नासेल, म्हणून यंत्र स्वतःच थांबतं. ‘ब्लू स्क्रीन ऑफ डेथ’ हे नाव माझ्या मते या तिसऱ्यालाच शोभतं. रंग तिघांचा एक, पण गोत्र वेगळं.

आता ती हकिगत. एनटी सुरुवातीला घराघरांतल्या पीसीसाठी लिहिली जात नव्हती. व्हर्ट यांच्यापुढे मिप्स प्रोसेसरचं यंत्र होतं. बटण दाबल्यावर त्याला जागं करणारं फर्मवेअर निळ्यावर पांढरी अक्षरं दाखवायचं. व्हर्ट ज्यात कोड लिहीत, तो स्लिकएडिट हा एडिटरही निळ्यावर पांढराच. यंत्र सुरू करा, कोड लिहा, यंत्र कोसळू द्या, रंग तोच. व्हर्ट यांनी हे स्वतः सांगितलं आहे.

काही जण या घराण्याचा मूळपुरुष १९८५च्या विंडोज १.० मध्ये शोधतात. डॉसची आवृत्ती जुळली नाही की विंडोजच्या निळ्या आरंभ-पडद्यावर अक्षरांचा नुसता कचरा दिसायचा. मला हे पटत नाही. एनटीचा गाभा डिजिटल कंपनीतून आलेल्या डेव्ह कटलर यांच्या चमूने नव्याने लिहिला होता. त्याला १.०चं रक्त लागलेलंच नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे. विंडोज ३.१चा निळा पडदा एनटीच्या वर्षभर आधी लोकांपुढे आला. त्याचा रंग मिप्सच्या गोष्टीने उलगडत नाही. तिथे माझा तर्क असा. पीसीच्या अक्षर-पडद्यावर प्रत्येक अक्षराच्या रंगासाठी एक बाइट असायचा आणि पार्श्वभूमीला एरवी आठच रंग मिळायचे. शून्य क्रमांकाचा काळा, एक क्रमांकाचा निळा. काळं तर डॉसचं घरच होतं. वेगळं दिसायचं आणि डोळ्यांना खुपायचंही नाही, तर पुढचाच क्रमांक उचलणं सोपं. वर्डपरफेक्ट निळा, नॉर्टन कमांडर निळा, टर्बो पास्कलही निळा. निळा हा त्या काळच्या रोजच्या कामाचा रंग होता. दोन्ही शाखांनी पाणी भरलं ते याच विहिरीतून.

म्हणून मला हा पडदा मृत्युपत्र वाटत नाही. तो कारागिराने कारागिरासाठी लिहून ठेवलेला निरोप आहे. एनटीच्या जुन्या पडद्यावर मेमरीतल्या ड्रायव्हरांची यादी पत्त्यांसकट छापलेली असायची. २०१२ साली विंडोज ८ने उरलेसुरले बहुतेक तांत्रिक तपशील काढून उदास चेहरा बसवला. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख यंत्रं निळी पडली आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले, तेव्हा जगाने पाहिला तो हाच चेहरा. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने चेहरा काढला आणि रंगही काळा केला. पण तळाशी स्टॉप कोड, म्हणजे बिघाडाची खूण, आणि ओळखता आलं तर दोषी ड्रायव्हरचं नाव अजूनही असतं.

तेव्हा पडदा कोणत्याही रंगाचा असो, ‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो घ्या आणि तळाची ती ओळ वाचा. बिघाडाचा माग तिथूनच सुरू होतो.