रुक्मीचा उपास

गेल्या शनिवारी रात्री साडेनऊला आमच्या घरात कोळंबीचा एक तुकडा खाल्ला गेला. खाणारा मी नव्हतो. तरी आनंदाने ओरडलो मीच, आणि बायकोने आतून "आता तरी झोपशील का?" असं विचारलं. या तुकड्यामागे माझे तेवीस दिवस आहेत आणि (मोजायलाच बसलो तर) साधारण नऊशे वर्षं. या वीकेंडचा लेख त्यावरच.

तर झालं असं, की माझं आजोळ कौंडण्यपूर. अमरावती जिल्हा, तिवसा तालुका, वर्धा नदीचा काठ. हे रुक्मिणीचं माहेर आणि माझ्या आईचंही. त्यामुळे "आमच्या गावची पोरगी पंढरपूरला दिली" हे वाक्य आमच्याकडे दर आषाढीला ऐकावं लागतं. इथून पंढरपूरला पालखी जाते, तेव्हा तर जास्तच. आख्यायिका बाजूला ठेवली तरी गाव जुनं आहे. इथे झालेल्या उत्खननावर मोरेश्वर दीक्षितांचं पुस्तक १९६८ साली निघालं. थोडक्यात, या नदीतले मासे माणसं फार पूर्वीपासून खात आली आहेत. घरी आणून त्यांना खाऊ घालायचा शहाणपणा मात्र मी केला.

दिवाळीत मामाकडे गेलो होतो. नदीकाठच्या आटत चाललेल्या डबक्यात वीतभर मरळ सापडली. मरळ म्हणजे सापासारख्या डोक्याचा शिकारी मासा. पाण्याबाहेर तोंड काढून हवेतला श्वास घेतो, त्यामुळे इतर मासे मरतील अशा ठिकाणी टिकून राहतो. झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात थोडं पाणी घालून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने तिला पुण्याला आणलं. नाव ठेवलं रुक्मी. (इथून पुढे 'ती'चा 'तो' झाला, सांभाळून घ्या.) रुक्मिणीचा हा हट्टी भाऊ. कृष्णाला मारल्याशिवाय कुंडिनपुरात पाय ठेवणार नाही अशी प्रतिज्ञा करून निघाला, हरला, आणि मग परत न जाता त्याने भोजकट नावाचं वेगळं नगर वसवलं. नाव गमतीत ठेवलं होतं. ते इतकं खरं ठरेल असं वाटलं नव्हतं.

रुक्मी फक्त जिवंत मासे खायचा. मी एका दुकानातून गप्पी आणायचो, दोन मिनिटांत फडशा. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले. गप्पींबरोबर रोगही घरी आला होता. औषधाने तो बरा झाला, पण मी ठरवलं, आता विकतचे जिवंत मासे बंद. फ्रीजरमधली सोललेली कोळंबी आणली, वितळवली, तुकडा टाकला. तो तळाशी गेला. रुक्मीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी तेच. बाराव्या दिवशी त्याचं पोट आत गेलेलं दिसायला लागलं.

सरळ उपाय म्हणजे त्याला परत नदीत नेऊन सोडणं. तिकीट काढायला बसलोही होतो. मग लक्षात आलं, की दुकानातल्या टाकीतला रोग अंगावर घेतलेला हा मासा आहे. दिसायला बरा झाला म्हणून रोग पूर्ण गेला, याची खात्री कोण देणार? एका माशाची भूक भागवायला अख्ख्या नदीला धोका? रोलबॅकचा रस्ता मीच बंद करून ठेवला होता. आता त्याने इथेच खायला हवं होतं, नाहीतर तो माझ्यामुळे मरणार होता.

त्या रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो, आणि मानसोल्लास हाती लागला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा हा बाराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ, साधारण ११३० च्या सुमारासचा. त्याच्या वडिलांचं, म्हणजे सहाव्या विक्रमादित्याचं राज्य आमच्या विदर्भापर्यंत होतं. सीताबर्डीच्या शिलालेखात (शके १००८) त्याचं नाव आहे. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये श्रीगोंदेकरांनी या ग्रंथाचं संपादन केलं, पहिला खंड १९२५ चा. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सगळं त्यात आहे, आणि 'मत्स्यविनोद' नावाचं एक प्रकरणही. राजाने गळ टाकून मासे कसे धरावेत याचं! पस्तीसेक प्रकारचे मासे, समुद्रातले वेगळे, नदीतले वेगळे, कोणाला काय खायला आवडतं, कोणाला पिठाचा गोळा आणि कोणाला मांस. आधी चारा टाकून मासे एका जागी जमवायचे आणि मग गळ, असा क्रम. हेतू काही माशाचं भलं करण्याचा नाही. पण 'मासा खात नाही' असं राजा म्हणत नाही. 'हा मासा काय खातो' असं विचारतो. मी बारा दिवस हा प्रश्नच विचारला नव्हता.

पुढची उडी थेट विसाव्या शतकात. गोठवलेलं अन्न दुकानात मिळणं ही तशी अलीकडची गोष्ट. क्लॅरेन्स बर्ड्सआयने झटपट गोठवलेलं मांस, मासे, भाज्या अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या दुकानांत मार्च १९३० मध्ये विकायला ठेवल्या. झटपट गोठवलं की बर्फाचे स्फटिक बारीक राहतात आणि मांसाचा लगदा होत नाही. म्हणजे माणसाची सोय झाली. माशांचं काय? त्याच सुमारास, १९३३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या मत्स्यालयाचे अॅल्विन सील आणि १९३९ साली नॉर्वेचे रोलेफसेन यांनी लिहिलं, की आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या कोळंबीची पिल्लं हे माशांच्या पिल्लांचं उत्तम खाद्य आहे. तिची अंडी कोरडी करून डब्यात भरून ठेवता येतात. खाऱ्या पाण्यात टाकली की दीड-दोन दिवसांत वळवळणारी पिल्लं तयार. गंमत बघा, माणूस स्वतःसाठी मेलेलं अन्न टिकवत होता, आणि माशासाठी 'जिवंत' अन्न डब्यात भरत होता.

आपल्याकडचं उदाहरण जिताड्याचं. रायगडात पेण-अलिबागकडे घराजवळच्या तळ्यांत जिताडा वाढवतात, त्याला खायला छोटे जिवंत मासे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये या माशाचं बंदिस्त जागेत प्रजनन करून दाखवलं. पिल्लं झाली, पण त्यांना खायला काय? क्रम असा: आधी सूक्ष्म जिवंत जीव, मग आर्टेमिया, मग बारीक केलेलं मासळीचं मांस, शेवटी कोरड्या गोळ्या. प्रत्येक टप्प्यावर जुनं आणि नवं काही दिवस बरोबर चालतं. आमच्या क्षेत्रात जुनी सिस्टिम बंद न करता नवी शेजारी चालू ठेवतात, अगदी तसंच. मी मात्र एका रात्रीत जुनी बंद केली आणि 'युजर का वापरत नाही' म्हणून रडत बसलो होतो.

चौदाव्या दिवशी मामांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अबे, त्याले थे दिसतच नाई ना बापा! जे हालत नाई, थे त्याच्यासाठी गोटा हाये. गांडोया दे त्याले."

नऊशे वर्षांचं वाचन केलं आणि उत्तर आलं एका फोनवर. असो.

सोसायटीच्या बागेत, जिथे फवारणी होत नाही तिथली माती उकरून गांडुळं काढली (वॉचमनला काय वाटलं असेल, देव जाणे). पहिलं गांडूळ रुक्मीने पाण्यात पडायच्या आत घेतलं. मग रोज संध्याकाळी त्याच वेळी, त्याच कोपऱ्यात, दिवा मंद करून. तीन दिवस जिवंत गांडूळ. मग मेलेलं, पण चिमट्याने हलवलेलं. मग कोळंबी गांडुळासारखी लांबट कापून, गांडुळाच्या पाण्यात बुडवून, दोऱ्याला सैल अडकवून. त्याने घेतली आणि थुंकली. दुसऱ्या दिवशी घेतली आणि थुंकली. शनिवारी, तेविसाव्या दिवशी, दोरा सुटून कोळंबी हळूहळू खाली जात असताना त्याने ती घेतली आणि गिळली. हुश्श!

करून पाहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. न खाल्लेला तुकडा पंधरा-वीस मिनिटांत काढा, नाहीतर पाणी बिघडतं. आणि रोज एकच एक पदार्थ देऊ नका. १९३२ च्या सुमारास अमेरिकेत मिनेसोटामधल्या चॅस्टेक यांच्या फार्मवर कच्चे मासे खाणाऱ्या कोल्ह्यांना लकवा झाला. पुढे कळलं, की काही माशांत बी-१ जीवनसत्त्व मोडणारं एक विकर असतं. कच्च्या मांसात ते काम करतं, आणि गोठवलं म्हणून जात नाही. म्हणून रुक्मीला आता कोळंबी, गांडूळ आणि वेगवेगळ्या मासळीचे तुकडे आलटून पालटून.

मामांना कळवलं तर म्हणाले, "मंग आणतं का त्याले परत?"

नाही म्हटलं. रुक्मी कौंडण्यपूरला परत जात नाही, हे कथेतही ठरलेलं आहे. फक्त कथेतल्याने ते स्वतःहून ठरवलं होतं, आणि याच्यासाठी मी ठरवलं. एवढी एक गोष्ट कोळंबी गिळली म्हणून मिटत नाही. आता मोठी टाकी घ्यायची आहे. मरळ वाढते म्हणे हातभर.