कलोपचार, व्यसनमुक्तीतील

चित्र, शिल्प, संगीत आदी कलांच्या निर्मितिप्रक्रियेद्वारा व्यसनाधीन रुग्णाच्या पुनर्वसनास साह्य करणारी पूरक उपचारपद्धती. क्षयाच्या आजारपणात चित्रकलेचा गुण स्वतः अनुभवलेले इंग्रज चित्रकार एड्रियन हिल यांनी १९४२ मध्ये ‘आर्ट थेरपी’ (कलोपचार) ही संज्ञा योजली. पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, लेखक अनिल अवचट यांच्या ‘गर्द’ या अमली पदार्थाविषयीच्या लेखनाने व्यथित झालेल्या पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या देणगीच्या आधारे डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्रात औषधोपचार व समुपदेशन यांच्या जोडीला कलेलाही स्थान लाभले; ओरिगामी, काष्ठशिल्प, बासरी व चित्रकला यांत रमणारे अनिल अवचट स्वतःच तिचे पुरस्कर्ते होते.

अमली पदार्थ हुकमी व तत्काळ सुख देतो, आणि त्याचा त्याग केल्यावर जो रिकामा, बेचैन काळ उरतो, तोच पुष्कळदा पुनःपतनास कारण होतो; अशा वेळी लज्जा, अपराधभाव व क्रोध ज्यास शब्दांत मांडता येत नाहीत, त्यास रंग, माती वा कागदाची घडी वाट मोकळी करून देते, आणि आपल्या हातून काही पुरे झाल्याचा प्रत्यय गमावलेला आत्मविश्वास सावकाश परत आणतो. कलाकृतीच्या सौंदर्याची परीक्षा येथे सर्वथा गैरलागू होय. व्यसन तोडताना उद्भवणाऱ्या शारीरिक लक्षणांचे शमन मात्र कलेच्या अखत्यारीत येत नाही. ते वैद्यकाचेच काम.