पागोटे घातलेले चर्च

आमच्या कुंभार पिंपळगावाहून जांब समर्थ लांब नाही. समर्थ रामदासांचे ते जन्मगाव. त्यामुळे देऊळ, मठ, मशीद, दर्गा हे शब्द आमच्याकडे लहान पोरालाही कळतात. चर्च म्हटले, की मात्र माणसे मुंबई-गोव्याकडे बोट दाखवतात. उंच मनोरा, घंटा, रंगीत काचा. आपल्याच जालन्याजवळ चर्च लोकांच्या नजरेत कसे भरले, ते कुणी सांगत नाही. ती गोष्ट मनोऱ्याची नव्हे, पागोटे घालणाऱ्या एका माणसाची आहे.

नारायण शेषाद्री हे त्यांचे नाव. ब्राह्मण घरातला हा तरुण मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळेत शिकला आणि १८४३ साली ख्रिस्ती झाला. पाठोपाठ धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे गेला. तो अजाण म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केले. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे, म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी कंबर कसली, आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. मराठी शाळांत बाळशास्त्री शिकवले जातात ते ‘दर्पण’मुळे. हा प्रसंग क्वचितच सांगतात.

नारायणराव १८५४ साली पाळक झाले आणि १८६०च्या दशकात जालन्याला आले. तिथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. साहेबांची प्रार्थना साहेबांच्या भाषेत. गावाला तिचे काय! नारायणराव छावणीच्या बाहेर पडले. मातंग आणि इतर अस्पृश्य मानलेल्या समाजांतली कुटुंबे त्यांच्याकडे येऊ लागली. आता खरा पेच पडला. बाप्तिस्मा घेतला म्हणून गावकुसाबाहेरचे घर काही गावात येत नाही. रोजचे काम, पाणी, उधारी सगळे गावाच्याच हाती.

म्हणून त्यांनी जमीन मागितली. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी ती दिली, आणि जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत उभी राहिली. जरा थांबून विचार करा. मुसलमान दिवाण जमीन देतो, ब्राह्मण घरातला ख्रिस्ती ती घेतो, आणि तिच्यावर वस्ती होते ती गावाने बाहेर ठेवलेल्या माणसांची. मराठवाड्याच्या इतिहासात याला चार ओळींपेक्षा जास्त जागा मिळायला हवी, असे माझे मत आहे. हे निव्वळ परोपकार होते, असे मी म्हणत नाही. मिशनला माणसे हवी होती, हे उघड आहे. पण ज्याला उभे राहायला जागा मिळाली, त्याच्या लेखी त्या जागेचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

१८७३ साली न्यूयॉर्कला जगभरच्या प्रॉटेस्टंटांची परिषद भरली. नारायणराव तिथे गेले ते पागोटे घालूनच. धर्म बदलला, पोशाख बदलला नाही. १८९१ साली बोटीच्या प्रवासात त्यांचे निधन झाले.

हे मला जवळचे वाटते त्याला कारण आहे. कार्यक्रमानंतर कुणी कौतुकाने म्हणतो, ‘‘तुमचं मराठी फारच छान हो!’’ मी हसतो. माझ्या आईने मला मराठीतच रागे भरले, हे त्याला कसे सांगू? शेख महंमदांनी श्रीगोंद्यात बसून मराठीत ग्रंथ रचले, त्याला साडेतीनशे वर्षे होऊन गेली. त्याही आधी, १६१६ साली, फादर स्टीफन्स या इंग्रज माणसाचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात छापले गेले, तेही रोमन लिपीत. लिपी परकी, ओवी आपली.

पुढे ना. वा. टिळकांनी हेच ओळखले. १८९५ साली ख्रिस्ती झालेला हा कवी नगरकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे, राहिला. त्याने अभंग लिहिले, कीर्तने केली. परक्या चालींवरची गाणी उपासनेत अवघडून म्हणणाऱ्या मंडळींच्या हातात टाळ आले. रस्त्याने जाणाऱ्याला आतले गाणे कळू लागले. टिळक १९१९ साली गेले. त्यांची पदे मराठी मंडळ्यांत रविवारी आजही पेटी-तबल्यावर म्हटली जातात.