मुरगूड ते विद्यापीठ : बोर्डिंगांच्या इतिहासाची एक बाजू

विद्यापीठाचा इतिहास लिहिताना आपण सामान्यतः कायदा, कुलगुरू आणि इमारती यांचा इतिहास लिहितो. विद्यार्थी राहिला कोठे व दोन वेळा जेवला कोठे, हा प्रश्न त्यात गौण मानला जातो. कागल तालुक्यातील, वेदगंगेकाठच्या मुरगूडसारख्या गावाकडून पाहिले असता मात्र हाच प्रश्न मुख्य ठरतो, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० साली सुरू झाले. पदवी मुंबई विद्यापीठाची असली तरी शिक्षणाची सोय संस्थानातच झाली होती. तथापि कॉलेज असणे आणि खेड्यातील कुणब्याच्या मुलास त्यात टिकता येणे या दोन भिन्न गोष्टी होत. शहरात नातलग नसलेल्या मुलास खाणावळीचा खर्च न पेलणारा होता, आणि अस्पृश्य मानलेल्या मुलास तर पैसे असूनही जागा मिळणे दुरापास्त होते.

ही अडचण राजर्षी शाहू महाराजांनी नेमकी ओळखली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व जैन बोर्डिंग निघाले. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. दसरा चौकातून जाताना यांपैकी कित्येक संस्थांची नावे आजही कानी पडतात. सरकारी कागदात 'वसतिगृह' हा शब्द रूढ असला तरी कोल्हापूरच्या बोलीने 'बोर्डिंग' हाच शब्द आपलासा केला, आणि तो मराठी विभक्तिप्रत्यय घेऊन नांदू लागला. 'बोर्डिंगात राहून शिकला' या वाक्प्रयोगात राहणे आणि शिकणे या क्रिया एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

या व्यवस्थेची मर्यादाही सांगितली पाहिजे. बोर्डिंगे जातवार होती. शिक्षणाचे दार उघडले, परंतु ते जातीच्या नावाने उघडले. ज्या समाजात सहभोजनच निषिद्ध होते त्यात याहून निराळा मार्ग व्यवहार्य होता काय, याविषयी मतभेद संभवतात. जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीस बसविणारे वसतिगृह काढले. कोल्हापूरच्या अनुभवातील सामर्थ्य आणि उणीव या दोहोंना दिलेले ते कृतिरूप उत्तर होय, असे आम्हांस वाटते.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहाससंशोधक होते. 'ताराबाईकालीन कागदपत्रे' या ग्रंथमालेच्या रूपाने त्यांनी विद्यापीठास संशोधनाची शिस्त घालून दिली. परंतु त्यांच्याच प्रेरणेने उभे राहिलेले विद्यार्थी भवन आणि तेथील 'कमवा व शिका' योजना यांना आमच्या मते तितकेच ऐतिहासिक महत्त्व आहे. १९०१ मध्ये बोर्डिंगाच्या प्रवेशाचा आधार जात हा होता. येथे तो गरज आणि श्रमाची तयारी हा झाला. साठ-सत्तर वर्षांतील सामाजिक स्थित्यंतर या एका बदलात सामावलेले आहे.

आज मुरगुडातच महाविद्यालय आहे. पदवीपर्यंत गाव सोडण्याचे कारण उरलेले नाही. पदव्युत्तर अभ्यासासाठी मात्र अजूनही कोल्हापूर गाठावे लागते, आणि खोलीचे भाडे व खाणावळ यांचा हिशेब आधी जुळवावा लागतो. प्रश्न जुनाच आहे. त्याचे रूप तेवढे पालटले आहे.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या इतिहासाकडे वळताना केवळ अहवाल पाहून थांबू नये. बोर्डिंगांची प्रवेशपुस्तके आणि भोजनखर्चाच्या वह्या जेथे मिळतील तेथे पाहाव्यात, वृद्ध माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत टिपून घ्याव्यात. पदवीधरांच्या यादीत नाव लागण्यापूर्वी ज्यांना गावी परतावे लागले, त्यांचा मागोवा लागलाच तर तो या वह्यांतूनच लागेल.